प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (१८३१ – १९०६) हे मुंबईतील कापूस व समभागांचे दलाल आणि दानशूर व्यापारी होते. गगनचुंबी इमारतींच्या युगापूर्वी मुंबईची सर्वांत उंच वास्तू म्हणून ओळखला गेलेला राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला.

त्यांचा जन्म सुरतेच्या एका जैन व्यापारी कुटुंबात झाला. मुंबईच्या एतद्देशीय दलालांत इंग्रजी लिहिता-वाचता येणारे ते पहिले मानले जातात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला आणि खानदेश, वऱ्हाड व गुजरातच्या कापसाला अपूर्व भाव आला. मुंबईत पैशाचा पूर लोटला. त्या लाटेत निघालेल्या अनेक बँका व कंपन्यांच्या उभारणीत प्रेमचंद अग्रभागी होते; समुद्रात भराव घालून जमीन निर्माण करू पाहणारी बॅक बे कंपनी त्यांत विशेष गाजली. बँक ऑफ बॉम्बेवर त्यांचा एवढा प्रभाव होता की, निव्वळ समभागांच्या तारणावर तेथून मोठमोठी कर्जे दिली गेली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले. कंपन्या बुडाल्या, पुढे ती बँकही मोडीत निघाली आणि असंख्य ठेवीदार व भागधारक देशोधडीला लागले. प्रेमचंदांच्या दातृत्वाचे वर्णन करताना ही बाजू बहुधा वगळली जाते. स्वतः प्रेमचंदही या पडझडीत बुडाले. मात्र व्यवसायात ते पुन्हा उभे राहिले.

मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय व मनोरा यांसाठी त्यांनी प्रत्येकी २ लाख रुपये दिले, ते १८६४ साली, तेजीच्या ऐन भरात. बांधकाम मात्र दाता बुडाल्यानंतर, १८६९ मध्ये सुरू झाले आणि १८७८ मध्ये संपले. सुमारे २८० फूट उंचीच्या या मनोऱ्याचा आराखडा भारतात कधीही न आलेल्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांचा आहे. मनोऱ्याला प्रेमचंदांच्या मातोश्रींचे नाव दिले आहे. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वी जेवता यावे म्हणून हे टोल वाजवले जात, अशी आख्यायिका प्रचलित आहे.

बॅक बेची भरणी पुढे सरकारने हाती घेतली. ओव्हल मैदानापलीकडचा समुद्र त्यामुळे मागे हटला, आणि १९७०च्या दशकात नरिमन पॉइंटच्या उंच इमारती भराव घातलेल्या जमिनीवरच उभ्या राहिल्या. राजाबाई टॉवरचा समावेश २०१८ मध्ये जागतिक वारसास्थळ ठरलेल्या वास्तुसमूहात आहे.