जॉर्ज एकेन
जॉर्ज डेव्हिड एकेन (२० ऑगस्ट, १८९२ - १९ नोव्हेंबर, १९८४) हे अमेरिकेतील व्हरमाँट या लहान राज्याचे रिपब्लिकन सिनेटर होते. मूळचे ते फळबागा व रोपवाटिका करणारे. रानफुलांच्या लागवडीवर त्यांनी १९३३ मध्ये पुस्तक लिहिले. १९३७ ते १९४१ या काळात ते राज्याचे गव्हर्नर होते व त्यानंतर १९७५ पर्यंत सिनेटचे सदस्य राहिले.

१९६८ च्या फेरनिवडणुकीच्या वेळी व्हिएतनाम युद्धावरून देश दुभंगला होता. विजय झाल्याचे जाहीर करून युद्ध आवरते घ्यावे, अशी सूचना एकेन यांनी १९६६ मध्येच केली होती. त्या वर्षी डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांनीही मतपत्रिकेवर त्यांचेच नाव लिहून त्यांना उमेदवारी दिली. त्यांचा प्रचारखर्च अवघा १७ डॉलर ९ सेंट झाला, आणि तोही बहुतांशी आभारपत्रांच्या टपालाचा! राज्य लहान व ओळखी जुन्या, हे त्याचे एक कारण खरे. तथापि सत्तावीस वर्षांच्या सिनेटपदानंतरही प्रचाराची गरज भासू नये, याचे श्रेय त्यांच्या वर्तनालाच द्यावे लागते.

१९७४ मध्ये ते उभे राहिले नाहीत. त्यांच्या जागी निवडून आलेले पॅट्रिक लेही हे व्हरमाँटने सिनेटवर निवडून दिलेले पहिले डेमोक्रॅट होत.