मोबाईलच्या लेन्सचा ‘२४ मिमी’ आणि दम्याने बेजार झालेला ऑस्कर बार्नाक

मोबाईलच्या जाहिरातीत मुख्य कॅमेऱ्याची लेन्स २४ मिमी, असं तुम्ही वाचलं असेल. प्रत्यक्षात त्या लेन्सची फोकल लेंग्थ असते जेमतेम ६-७ मिमी! मग हा २४ आला कुठून?

त्यासाठी ऑस्कर बार्नाकला भेटावं लागेल. जन्म १८७९, जर्मनी. बारीक यंत्रकामात तरबेज असलेला हा माणूस आधी झाइस कंपनीत होता. १९११ साली तो वेट्झलार गावातल्या लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कंपनीत आला. डोंगरात भटकून फोटो काढायची त्याला हौस, पण दमा पाठ सोडत नव्हता. तेव्हाच्या १३ × १८ सेंमी काचेच्या प्लेटा, अवजड कॅमेरा आणि स्टँड घेऊन चढ चढायचा म्हणजे जीव नकोसा व्हायचा.

मग त्याने ठरवलं, निगेटिव्ह छोटी घ्यायची आणि फोटो नंतर मोठा करायचा. सिनेमाची ३५ मिमी फिल्म हाताशी होतीच. सिनेमाची एक फ्रेम १८ × २४ मिमीची. बार्नाकने फिल्म आडवी सरकवून दोन फ्रेमची एक केली: २४ × ३६ मिमी. जुन्या प्लेटेच्या जवळपास सत्ताविसाव्या हिश्श्याएवढी!

इथेच खरी गंमत आहे. फोकल लेंग्थ फ्रेमच्या कर्णाच्या आसपास असली की फोटो डोळ्यांना नैसर्गिक वाटतो. त्या प्लेटेचा कर्ण २२ सेंमी, म्हणून लेन्सची फोकल लेंग्थही तेवढीच मोठी लागायची. नव्या फ्रेमचा कर्ण ४३ मिमी. त्यामुळे माक्स बेरेकने बनवलेली ५० मिमीची लेन्स पुरली आणि कॅमेरा कोटाच्या खिशात मावला.

१९१४ पर्यंत नमुना तयार होता, पण महायुद्ध आडवं आलं. १९२० साली वेट्झलारमध्ये पूर आला, त्याचे फोटो बार्नाकने याच कॅमेऱ्याने टिपले. १९२४ मध्ये देशाची आर्थिक घडी विस्कटलेली असतानाही मालक एर्न्स्ट लाइट्झ यांनी हा जुगार खेळायचं ठरवलं. पुढच्याच वर्षी लाइपझिगच्या जत्रेत ‘लायका’ लोकांसमोर आला. बार्नाक १९३६ मध्ये गेला.

त्याची फ्रेम मात्र आजही मोजपट्टी आहे. डिजिटल कॅमेऱ्यातला ‘फुल फ्रेम’ सेन्सर म्हणजे तेच २४ × ३६. मोबाईलचा सेन्सर त्याहून खूपच लहान, त्यामुळे त्यावर ६-७ मिमीची लेन्स जेवढं दृश्य सामावते, तेवढं टिपायला बार्नाकच्या फ्रेमवर २४ मिमीची लेन्स लागते. जाहिरातीत छापतात तो हाच आकडा.