कोल्टचे फिरते चक्र

सॅम्युअल कोल्ट माझ्या टेबलासमोर कर्जाचा अर्ज घेऊन आला असता, तर मी तो बहुधा परत पाठवला असता. अठ्ठाविसाव्या वर्षी कंपनी बुडालेली, नातेवाइकांचे पैसे अडकलेले आणि खर्चाचा हात सैल! बँकेत इतकी वर्षे काढल्यावर माणसाकडे असे पाहायची सवयच जडते.

हा जन्मला १८१४ साली, अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी. आई लहानपणीच गेली. १८३० मध्ये, सोळाव्या वर्षी, तो खलाशी म्हणून कलकत्त्याला निघालेल्या जहाजावर चढला. सुकाणूचे चाक कुठेही फिरवले तरी ठरावीक जागी अडकवून पक्के करता येते, हे पाहून फिरत्या चक्राची कल्पना सुचली, असे तो पुढे सांगत असे. जहाजावरच त्याने चाकूने लाकडाचे पिस्तूल कोरले. परतल्यावर बंदुका घडवणाऱ्या कारागिरांना द्यायला पैसे हवेत, म्हणून हे महाशय स्वतःला डॉक्टर म्हणवत गावोगाव फिरले आणि तिकीट लावून लोकांना हसवणारा वायू हुंगवू लागले! १८३६ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले आणि पॅटरसन गावी कारखाना उभा राहिला.

त्या काळचे रिव्हॉल्व्हर म्हणजे ठासणीच्या बंदुकीचेच भावंड. चक्राच्या प्रत्येक घरात आधी दारू ओतायची, वर शिशाची गोळी ठेवायची आणि नळीखालच्या दांड्याने ती ठासायची. मग मागच्या बाजूला प्रत्येक घरावर तांब्याची इवलीशी टोपी बसवायची. गोळीवर चरबी थापत, नाहीतर एका घराची ठिणगी शेजारच्या घरात शिरे आणि अनेक बार एकदम उडत. जपून वागणारे घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. अंगठ्याने घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरके, चापाने फक्त बार उडे. दारूच्या काजळीने गंज चढे, त्यामुळे संध्याकाळी गरम पाण्याने धुऊन, पुसून तेल लावणे आलेच. आपल्या आजीने पितळी समया घासाव्यात, तितक्या निगुतीने हे काम चाले.

लष्कराला हे नाजूक प्रकरण पटेना. १८४२ मध्ये कारखाना बंद पडला. त्याच वर्षी खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेल्या भावाने, जॉनने, फाशीच्या दिवशीच तुरुंगात जीव दिला. सॅम्युअल मग पाण्याखालच्या सुरुंगांच्या मागे लागला.

त्याला वर काढले ते टेक्सासच्या एका घोडेस्वाराने. कॅप्टन वॉकरने लढाईत जुनी पाचबारी कोल्ट वापरली होती. मेक्सिकोच्या युद्धात त्याने सुधारणा सुचवल्या आणि सरकारकडून १००० नगांची मागणी आली. कोल्टकडे तर कारखानाच नव्हता! व्हिटनीच्या कारखान्यात १८४७ मध्ये ती सहाबारी शस्त्रे तयार झाली. वजन दोन किलोंच्या आसपास, म्हणजे कमरेला नव्हे, खोगिराला लटकवायची वस्तू. वॉकर त्याच वर्षी लढाईत मारला गेला.

पुढचे वैभव भराभर आले. १८५१ चे 'नेव्ही' मॉडेल दोन लाखांहून अधिक खपले. लंडनलाही कारखाना निघाला. तिथे रॉबर्ट ॲडम्स हा प्रतिस्पर्धी भेटला. त्याच्या रिव्हॉल्व्हरचा नुसता चाप ओढला की झाले, घोडा वेगळा ओढायला नको. हातघाईत हे सोयीचे, लांबच्या नेमाला कोल्ट सरस. १८५७ च्या उठावात आपल्याकडे इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला ही दोन्ही शस्त्रे होती. कलकत्त्याच्या वाटेवर कोरलेले ते लाकूड असे इथवर पोचले.

हार्टफर्डला त्याने नदीला बांध घातला, तो टिकावा म्हणून वाळुंज लावले आणि त्याच्या फोकांपासून खुर्च्या विणायला जर्मन कारागीर आणले. असा हिशेबी माणूस यादवी युद्धाला तोंड फुटेपर्यंत उत्तर-दक्षिण दोघांनाही शस्त्रे विकत होता. धंदा म्हणून मी बरेच समजून घेतो, पण हे मला पचत नाही.

जानेवारी १८६२ मध्ये, ४७ व्या वर्षी तो वारला. पत्नी एलिझाबेथच्या पदरी दुःखे आधीच होती, लहानगी मुले गेली होती. १८६४ मध्ये कारखाना जळाला, तो तिने पुन्हा बांधला आणि १९०१ पर्यंत मालकी सांभाळली. तिने दिलेला पतीचा शस्त्रसंग्रह हार्टफर्डच्या संग्रहालयात आहे.