शागिर्दाचं ऐकणारे उस्ताद: हुनैन इब्न इसहाक

बगदादच्या इल्मी दौराचा विषय निघाला की आपण खलिफा मामूनचं नाव घेतो. पण ग्रीक ग्रंथ अरबीत आणणारी माणसं कोण, हे आपल्या मुलांना माहीत नसतं. हुनैन इब्न इसहाक त्यांतले एक. जन्म इराकमधल्या हीरा गावचा, सुमारे 809 सालचा. धर्मानं ख्रिस्ती, पेशानं हकीम. त्यांच्याकडून भाषांतरं करून घेणारे बनू मूसा बंधू मात्र मुसलमान.

काम एकट्याचं नव्हतं. मुलगा इसहाक, भाचा हुबैश, शागिर्द ईसा बिन यहया, सगळे हाताशी. हुनैन बरेचदा ग्रीकमधून सुरयानीत आणायचे, हुबैश पुढं अरबीत.

विशीत हुनैननी जालीनूसचं एक पुस्तक सदोष प्रतीवरून सुरयानीत आणलं होतं. चाळिशीच्या सुमारास हुबैशनं ते दुरुस्त करा म्हणून गळ घातली. भाचा आणि वर शागिर्द. गप्प बस म्हणता आलं असतं. असा साहेब आम्ही तरी क्वचितच पाहिला. हुनैननी तोवर जमवलेल्या ग्रीक प्रती काढल्या, ताडून एक शुद्ध प्रत तयार केली आणि स्वतःचं जुनं काम तिच्याशी पडताळून सुधारलं. पुढं जालीनूसच्या भाषांतरांची यादी लिहिताना ही हकिकतही त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली.