दहा दिवसांचे बाळ : डॉ. आनंदीबाई जोशी

निर्गमाच्या पहिल्या अध्यायात फारो राजाचे नाव दिलेले नाही. परंतु शिप्रा व पुवा या दोन सुइणींची नावे दिली आहेत. देवाच्या दृष्टीने हे काम किती थोर आहे, हे यावरून दिसते. याच कामाच्या ओढीने घर सोडलेल्या एका महाराष्ट्रकन्येचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

आनंदीबाईंचा जन्म १८६५ साली झाला. नवव्या वर्षी त्यांचा गोपाळराव जोशी यांच्याशी विवाह झाला. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, पण योग्य उपचारांअभावी तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून वैद्यक शिकण्याचा निश्चय झाला.

गोपाळरावांनी वाइल्डर या मिशनऱ्यांकडे मदत मागितली. ख्रिस्ती व्हावे, असे त्यांनी सुचविले. जोशी दांपत्याने ते मानले नाही. हा पत्रव्यवहार मिशनरी मासिकात छापला गेला. तो वाचून अमेरिकेतील कार्पेंटरबाईंनी कोणतीही अट न घालता आपले घर उघडले. यांपैकी कोणते उत्तर प्रभूला अधिक आवडले असेल, याचा आम्ही नम्रपणे विचार करावा.

१८८३ साली आनंदीबाई अमेरिकेस गेल्या. १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस मिळाली. त्यांच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्रच होता. समारंभास पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रीविभागावर नेमणूकही झाली. पण रुजू होण्याआधीच, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा पुण्यात अंत झाला. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

काम मात्र राहिले. २०१८-२० च्या सरकारी पाहणीत दर एक लाख जिवंत जन्मांमागे महाराष्ट्रात ३३ माता दगावल्या, तर आमचे राऊ ज्या मध्य प्रदेशात आहे तेथे १७३. खेडोपाडी डॉक्टर नसतो. तेथे रक्तस्राव वेळीच ओळखून बाळंतिणीला मोठ्या दवाखान्यात पाठविणारी शिकलेली परिचारिका हवी. परिचारिकांना अठरा महिन्यांचे सुईणकामाचे खास शिक्षण देण्याचे धोरण सरकारने २०१८ साली आखले. तरीही मुलगी नर्स होणार म्हटले की काही घरांत नाके मुरडली जातात.

रविवारशाळेच्या शिक्षकांनो, शिप्रा व पुवा यांच्या पाठाबरोबर मुलांना आनंदीबाईही सांगा. आणि एखादी गरीब मुलगी हे शिक्षण घेऊ इच्छीत असेल, तर ती आपल्या मंडळीची नसली तरी तिच्या फीसाठी मंडळीने पुढे व्हावे. कार्पेंटरबाईंनी हेच केले.