थर्मास शोधला ड्यूअर यांनी, पण पेटंट झालं दुसऱ्याच्याच नावावर

मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ च्या आसपास रेंगाळतो. अशा वेळी प्रवासाला निघताना पिशवीत आधी थर्मास जातो. चहाच्या दुकानातही आता कागदी कपावर पुठ्ठ्याचं कडं चढवून मिळतं, बोटं भाजू नयेत म्हणून. वस्तू साध्याच, पण अशा वस्तूंवरही पेटंट घेतली जातात. आणि ती पेटंट टिकतात की नाही, यावर कोर्टात भांडणंही होतात.

हे भांडण दोन्ही बाजूंनी अनुभवलेला माणूस म्हणजे सर जेम्स ड्यूअर.

कोण होते ड्यूअर?

जन्म २० सप्टेंबर १८४२, स्कॉटलंडमधल्या किनकार्डिन गावात. वडील खानावळ चालवायचे. दहा वर्षांचे असताना जेम्स गोठलेल्या पाण्यावरचा बर्फ फुटून आत पडले. त्यानंतर ते बराच काळ आजारी होते. बिछान्यातल्या त्या दिवसांत ते व्हायोलिन बनवायला शिकले. बारीक, नाजूक काम करणारे हात तिथेच तयार झाले.

एडिनबरा विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते १८७५ मध्ये केंब्रिजला प्राध्यापक झाले. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांची नेमणूक झाली. मायकेल फॅरेडे यांनी आयुष्यभर जिथे काम केलं, तीच ही संस्था. ड्यूअर यांना ध्यास होता वायू इतके थंड करायचा की त्यांचं पाणी व्हावं.

पहिला खटला : समोर आल्फ्रेड नोबेल

१८८९ मध्ये ड्यूअर आणि फ्रेडरिक एबल यांनी ब्रिटिश सरकारसाठी कॉर्डाइट नावाची बिनधुराची दारू तयार केली. डायनामाइटवाले आल्फ्रेड नोबेल यांनी त्याआधीच बॅलिस्टाइट नावाची अशीच दारू बनवून तिचं पेटंट घेतलं होतं. कॉर्डाइट ही आपलीच नक्कल आहे, असा त्यांचा दावा होता.

खटला अडला एका शब्दावर. नोबेल यांच्या पेटंटमध्ये विरघळणाऱ्या प्रकारचं नायट्रोसेल्युलोज असा उल्लेख होता. कॉर्डाइटमध्ये न विरघळणारं वापरलं होतं. न्यायालयाने पेटंटमधले शब्द जसेच्या तसे धरले आणि १८९५ मध्ये नोबेल यांचा पक्ष हरला. कल्पना कितीही मोठी असली, तरी कागदावर जेवढं मागितलं तेवढंच आपलं, हा त्याचा अर्थ.

मग थर्मासचं काय झालं?

द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंशाला उकळतो. साध्या भांड्यात ठेवला की बघता बघता उडून जातो. यावर ड्यूअर यांनी १८९२ मध्ये उपाय काढला. काचेच्या एका भांड्यात दुसरं भांडं बसवायचं आणि दोन्ही भिंतींमधली हवा काढून टाकायची. हवाच नाही, तर उष्णता वाहून नेणार कोण? किरणांतून येणारी उष्णता परतवायला काचेला चांदीचा मुलामा दिला.

याच भांड्यांच्या जोरावर त्यांनी १८९८ मध्ये हायड्रोजन द्रवरूप केला. तापमान होतं सुमारे उणे २५३ अंश.

पण या भांड्याचं पेटंट त्यांनी घेतलंच नाही. त्यांच्या लेखी ते प्रयोगशाळेतलं एक साधन होतं. व्याख्यानांतून ते लोकांना उघडपणे दाखवलंही.

बर्लिनचे काचकाम करणारे राइनहोल्ड बर्गर यांना मात्र त्यात बाजार दिसला. जे थंड ठेवतं, ते गरमही ठेवणारच. त्यांनी नाजूक काचेला आधार दिला, बाहेरून धातूचं कवच चढवलं, १९०३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९०४ पासून थर्मास हे नाव बाजारात आलं. त्याच १९०४ मध्ये ड्यूअर सर झाले. पण थर्मासचा हक्क त्यांना न्यायालयातूनही मिळाला नाही.

आज वऱ्हाडात असं घडलं तर?

समजा, अमरावतीच्या एखाद्या कारखानदाराने कपाच्या कड्याचा नवा प्रकार काढला. त्याचा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात जाईल. तिथे तीन गोष्टी तपासतात. वस्तू नवी आहे का? त्या धंद्यातल्या जाणकाराला सहज सुचली असती का? आणि ती कारखान्यात बनवता किंवा वापरता येते का?

गरम पेला उपरण्याच्या टोकाने धरणं आपल्याकडे जुनंच आहे. तुर्की-अरबी भागात कॉफीच्या कपाला धातूचं बाहेरचं कवच असायचं, त्याला झार्फ म्हणतात. त्यामुळे हात आणि कप यांच्यामध्ये काहीतरी घालणं, एवढ्यावर पेटंट टिकणार नाही. कड्याची एखादी खास रचना खरोखर नवी असेल, तर टिकू शकतं.

पेटंट मिळालं म्हणजे ते वैध ठरलं असंही नाही. भांडी बनवण्याच्या एका यंत्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हे स्पष्ट केलं आणि ते पेटंट अवैध ठरवलं. आज अमरावती किंवा अकोल्याच्या जिल्हा न्यायालयात पेटंटच्या उल्लंघनाचा दावा लागला आणि समोरच्याने पेटंट रद्द करायची उलट मागणी केली, तर प्रकरण उच्च न्यायालयाकडे, म्हणजे वऱ्हाडासाठी नागपूर खंडपीठाकडे जातं.

आणखी एक गोष्ट. अर्जाआधी शोध जगजाहीर केला की नवेपणा जातो. भारताच्या १९७० च्या कायद्यात मात्र संशोधकाने विद्वत्सभेत निबंध वाचला असेल, तर अर्जासाठी १२ महिन्यांची सवलत आहे.

शेवट

हेलियम द्रवरूप करायची शर्यत ड्यूअर हरले. ती १९०८ मध्ये हॉलंडच्या कामरलिंग ओनेस यांनी जिंकली, आणि १९१३ मध्ये त्यांना नोबेलही मिळालं. ड्यूअर यांचं नाव नोबेलसाठी अनेकदा सुचवलं गेलं, पण ते कधीच मिळालं नाही. २७ मार्च १९२३ रोजी लंडनमध्ये ते गेले.

त्यांचं नाव मात्र मागे राहिलं. गावोगावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत कृत्रिम रेतनासाठी वळूचं गोठवलेलं वीर्य उणे १९६ अंशाच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. ज्या भांड्यात तो नायट्रोजन टिकतो, त्याला विज्ञानात आजही ड्यूअर असंच म्हणतात.