आगबोटीचे अर्देशीर

अर्देशीर कर्सेटजी वाडिया १८०८मध्ये मुंबईत जहाजे बांधणाऱ्या घराण्यात जन्मले. ते गोदीत काम शिकत असताना, १८३०मध्ये, तिथेच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ आगबोट सुएझला निघाली. एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा कोठारात मावेना. तो मिळेल त्या जागेत भरला आणि बोट पाण्यात खोल बसली. शिडाला वारा फुकट मिळे. इंजिनाचे इंधन मात्र बोटीलाच वाहावे लागे. तरीही अर्देशीर वाफेच्या मागे लागले. एक अश्वशक्तीचे इंजिन त्यांनी स्वतः घडवले, १८३३मध्ये ‘इंडस’ ही छोटी आगबोट पाण्यात उतरवली. १८४१मध्ये ते रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय फेलो झाले. १८७७मध्ये ते वारले. विरारजवळच्या अर्नाळ्यात बोटीला इंजिन निवडताना आजही हिशेब तोच: ताकद जास्त, तर डिझेलचा खर्चही जास्त आणि वजनही.